जुना आयडीई ऑप्टिकल ड्राइव्ह नव्या संगणकाला जोडणे

आयडीई, म्हणजेच पाटा जोडणीचा सीडी किंवा डीव्हीडी ड्राइव्ह, ती जोडणीच नसलेल्या संगणकावर चालवण्याची पद्धत. २००३ च्या सुमारास तिच्या जागी साटा ही नवी जोडणी आली. इंटेलने २००६ मध्ये आपल्या आयसीएच-८ चिपसेटमधून आयडीई वगळले. मदरबोर्ड बनवणारे पुढे काही वर्षे वेगळी चिप बसवून ते देत राहिले, मग तेही थांबले.

प्लग बदलले तरी संगणक ड्राइव्हला देत असलेल्या आज्ञा फारशा बदललेल्या नाहीत. आयडीई ऑप्टिकल ड्राइव्ह एटापी नावाच्या पद्धतीने स्कझी या जुन्या जोडणीच्या वळणाच्याच आज्ञा घेतात आणि यूएसबीवरूनही त्याच जातात. त्यामुळे मधे आयडीई आणि यूएसबी यांना जोडणारी ब्रिज चिप असलेला ॲडाप्टर पुरतो आणि विंडोज किंवा लिनक्सला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मात्र काही स्वस्त ॲडाप्टर फक्त हार्ड डिस्क ओळखतात, म्हणून ऑप्टिकल ड्राइव्ह चालतो का हे घेण्याआधीच विचारावे. ड्राइव्हमागचा जम्पर, म्हणजे पिनांवर बसणारी छोटी टोपी, बहुधा मास्टर (मुख्य ड्राइव्ह) या जागी ठेवावा लागतो.

खरी अडचण विजेची असते. सव्वापाच इंची ड्राइव्हला ५ आणि १२ असे दोन व्होल्टेज लागतात. साध्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्टच मिळतात. म्हणून स्वतंत्र अडॅप्टरची वीज चार पिनांच्या मोलेक्स प्लगने द्यावी लागते. त्यात पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची. प्लग उलटा दाबून बसवला तर ड्राइव्ह जळू शकतो. लॅपटॉपचे पातळ ड्राइव्ह ५ व्होल्टवर चालतात, पण त्यांचा आयडीई कनेक्टर ५० पिनांचा आणि वेगळ्या आकाराचा असतो. शिवाय डिस्क फिरू लागताना त्यांना यूएसबी २.० चे ५०० मिलिअँपिअर कमी पडू शकतात. तेव्हा दोन पोर्टांतून वीज घेणारी केबल वापरतात.

वेगाची चिंता नको. ५२ एक्स सीडी सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ७.८ एमबी देते आणि १६ एक्स डीव्हीडी सुमारे २२ एमबी, यूएसबी २.० ला दोन्ही पेलतात.

हा खटाटोप बहुतेकदा डिस्कमधला मजकूर वाचवण्यासाठी असतो आणि तो करण्याजोगा आहे. महाराष्ट्रातल्या घरोघरी लग्नाच्या डीव्हीडी आणि नाटकांच्या व्हीसीडी (चित्रफीत असलेल्या सीडी) पडून आहेत, आणि घरी लिहिलेल्या डिस्कचा रंगथर वर्षागणिक खराब होतो. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसरा कधी कधी वाचतो, म्हणून चालू स्थितीतला जुना ड्राइव्ह टाकून देऊ नये. विंडोज ८ पासून डीव्हीडी चित्रपट दाखवण्याची सोय सोबत येत नाही. व्हीएलसी हा मोफत प्लेअर ते काम करतो.

व्हीसीडीची प्रत काढताना आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नेहमीची प्रत, मात्र करू नये. आयएसओत प्रत्येक सेक्टरमधले (डिस्कवरील माहितीच्या तुकड्यातले) २,०४८ बाइटच साठवले जातात, तर व्हीसीडीच्या चित्रफितीच्या सेक्टरमध्ये २,३२४ बाइट असतात. उरलेले गळतात आणि चित्र बिघडते. पूर्ण २,३५२ बाइटांचे सेक्टर जपणारी बिन-क्यू प्रत (.bin आणि .cue अशा दोन फाइलींची) काढावी. गाण्यांच्या सीडीलाही हेच लागू आहे.