इंजिनातला बर्फ

25 जुलै 2022 रोजी बारामतीहून सरावासाठी निघालेले सेसना 152 जातीचे छोटे विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले आणि ते चालवणारी शिकाऊ वैमानिक किरकोळ जखमांवर निभावली. अशा घटनांनंतर ‘दैव बलवत्तर’ म्हणून सुस्कारा सोडला जातो आणि कारणाच्या जागी ‘तांत्रिक बिघाड’ एवढे दोन शब्द पुरतात. त्या अपघाताच्या कारणांत इथे शिरायचे नाही. पण लहान विमानाचे इंजिन एकही भाग न तुटता, टाकीत पुरेसे पेट्रोल असताना आणि पंखा लावावासा वाटेल अशा 25 अंशांच्या हवेतही चक्क बर्फाने बंद पडू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते.

जुन्या स्कूटरमध्ये असे, तसाच हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर अशा लहान विमानांच्या बऱ्याच इंजिनांत असतो. त्यात हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असते. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि त्या कमी दाबाने ओढले गेलेले पेट्रोल फवाऱ्यासारखे हवेत मिसळून त्याची वाफ होते. इंजेक्शनपूर्वी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला की गार वाटते, त्याचेच हे रूप. एक किलो पेट्रोलची वाफ होण्यास सुमारे 350 किलोज्यूल उष्णता लागते आणि ती मुख्यतः सोबतच्या चौदा-पंधरा किलो हवेतूनच घेतली जाते. एक किलो हवा एका अंशाने थंड होताना साधारण एक किलोज्यूल देते, म्हणजे हवेचे तापमान वीसएक अंशांनी उतरते. दाब घटल्यामुळे आणखी काही अंशांची घट होते. हवा दमट असेल, तर तिच्यातील बाष्प थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेवर गोठून वाट बुजवू लागते. उतरताना झडप जवळजवळ मिटलेली असल्याने थोडा बर्फही पुरतो. पुढे तपासणीसाठी कार्बोरेटर उघडेपर्यंत मात्र हा पुरावा वितळून गेलेला असतो.

उपाय साधा आहे. वैमानिकासमोरचा एक दट्ट्या ओढला की एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर सोडणाऱ्या नळीभोवती तापलेली हवा कार्बोरेटरमध्ये येते. गंमत अशी की, गरम हवा विरळ असल्याने आणि वितळलेले पाणी इंजिनात गेल्याने फेरे आधी आणखी घटतात व इंजिन खोकू लागते. घाबरून दट्ट्या परत ढकलणारा नवशिका नेमका तिथेच चुकतो. उशीर झाला तर एक्झॉस्टही थंडावतो, मग बर्फ वितळवणार कशाने? इंधन थेट फवारणाऱ्या इंजिनांत कार्बोरेटरच नसल्याने ही कटकट उद्भवत नाही.

इंजिन थांबले तरी विमान दगडासारखे पडत नाही. सेसना 152 ताशी सुमारे 110 किलोमीटर वेग राखून तरंगत उतरू शकते आणि वारा नसेल तर 1000 मीटर उंचीवरून आठ-नऊ किलोमीटर दूर जाऊ शकते. लांब पोहोचण्याच्या मोहाने नाक वर ओढले, तर वेग घटून अंतर उलट कमी होते आणि शेवटी पंखांची उचलच नाहीशी होते. म्हणून वेग सांभाळून, वाऱ्याकडे तोंड करून आणि शक्यतो शेतातल्या सरींच्या दिशेने उतरता येईल असे मोकळे रान वेळीच हेरायचे असते. इंदापूरकडच्या भागात वरून मऊ हिरवा दिसणारा उभा ऊस माणसाच्या दुप्पट उंचीचाही असतो, त्यामुळे त्याच्यापेक्षा नुकतेच कापणी झालेले शेत बरे; फक्त त्यावरून गेलेल्या विजेच्या तारा जवळ येईपर्यंत दिसत नाहीत, खांब मात्र आधी दिसतात, म्हणून नजर खांबांवर ठेवायची.