पावसाचं पाणी एसटीपीला का झेपत नाही

परवाच्या पावसात आमच्या गल्लीतलं चेंबर उसळलं तेव्हा शेजारचे काका म्हणाले, बरंय, पावसाने घाण पातळ होते, एसटीपीला (मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राला) तेवढंच काम कमी. असं बऱ्याच जणांना वाटतं, पण होतं नेमकं उलटं.

आधी हिशोब बघा. माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं साधारण 80 टक्के म्हणजे 108 लिटर ड्रेनेजला जातं. आता 100 चौरस मीटरची गच्ची, तासात 20 मिलिमीटर पाऊस, झाले 2000 लिटर! गच्चीचा पाइप पावसाळी लाइनऐवजी ड्रेनेजच्या चेंबरला जोडला असेल तर एकट्या गच्चीने तासाभरात 18 माणसांच्या दिवसभराच्या मैलापाण्याएवढं पाणी आत ढकललं. छोट्या गावाचा एसटीपीही छोटा, त्याला लगेच दणका बसतो.

एसटीपीत घाण खातात ते बॅक्टेरिया, ही पद्धत 1914 साली मँचेस्टरमध्ये निघाली. हवा सोडलेल्या टाकीत ते खाऊन वाढतात, एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, पुढच्या टाकीत पुंजके तळाला बसतात, वरचं नितळ पाणी बाहेर जातं आणि तळाचा बराचसा गाळ पंपाने परत मागे, कारण काम करणारे तेच. मला ही दुसरी टाकी फार आवडते, कारण तिथे सतत शर्यत चालू असते, पुंजका खाली बसतोय आणि पाणी वर चढतंय. समजा टाकी 100 चौरस मीटरची आणि तासाला 100 घनमीटर पाणी येतंय, तर पाणी तासाला 1 मीटर चढतं. पुंजका तासाला 2 मीटर बसत असेल तर तो जिंकला. पावसात पाणी तिप्पट झालं की चढण्याचा वेग 3 मीटर, पुंजका हरला, गेला पाण्याबरोबर ओढ्यात. त्यात अमोनियावर जगणारे बॅक्टेरिया फार सावकाश वाढतात, ते वाहून गेले की घडी परत बसायला कधी कधी आठवडे जातात. अशा वेळी कुणीतरी चमत्कारी कल्चर पावडर, म्हणजे बॅक्टेरियांची पूड, विकायला येतं, पण पाणी तेवढंच येत राहिलं तर पावडरही ओढ्यातच जाणार.

आणि पाऊस थांबला तरी सुटका नाही. पुण्याकडे खाली काळा पाषाण, वर मुरूम, मुरलेलं पाणी मुरमात साठतं आणि ड्रेनेजची लाइन बऱ्याचदा त्यातूनच गेलेली. फुटके जॉइंट, विटांची जुनी चेंबरं, यातून ते पावसाळ्यानंतरही झिरपत राहतं. पाऊस नसलेल्या दिवशी पहाटे 3 वाजता ड्रेनेजवाल्यांनी झाकण उघडून बघावं (आत कुणीही उतरायचं नाही, विषारी वायू असतो). गाव झोपलंय आणि तरी स्वच्छ पाणी जोरात वाहतंय, तर ते बहुतेक जमिनीतलंच. मग एकेक चेंबर वरच्या अंगाला बघत जायचं, जिथे पाणी एकदम कमी होतं त्याच्या खालचा तुकडा गळका.