खुलासा : कमांड पाठ केल्या म्हणजे मुलाखत निघत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या पोरांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय : टेक्निकल ऑपरेशन्सच्या, म्हणजे सर्व्हर चालते ठेवायच्या नोकरीच्या मुलाखतीला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोनशे कमांड घोकून जा, काम फत्ते. हे खरं नाही. कमांड मॅन्युअलमध्ये सापडते. समोरचा बघतो ते तुम्ही बिघाड कसा शोधता.

एक नेहमीचा प्रश्न घ्या. सर्व्हरची डिस्क भरली, भलीमोठी लॉग फाइल (नोंदींची फाइल) उडवली, तरी जागा मोकळी होईना. डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी ‘डीएफ’ (df) कमांड डिस्क भरलेली दाखवते, फाइलींची जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ची (du) बेरीज मात्र कमी येते. का? फाइलचं नाव गेलं, पण चालू प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या एखाद्या प्रोग्रामने, ती अजून उघडी धरून ठेवलीय. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएसओएफ’ (lsof) कमांडने ती प्रोसेस शोधायची, रीस्टार्ट केली की जागा सुटते. पण ती प्रोसेस म्हणजे चालू डेटाबेस असेल, तर आधी विचारून घेईन, हेही आवर्जून सांगा.

केळीच्या बागेतली मोटार बंद पडली तर आपण आधी लाइट बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. बोअरमधून मोटार उपसायला कुणी लगेच धावत नाही. हाच क्रम मुलाखतीत मोठ्याने बोला. अडलात तर ‘माहीत नाही’ म्हणायला लाजू नका, पुढे कुठे शोधाल तेवढं सांगा.