पुड्यांमधून गेलेल्या बागा

१५८८ च्या जानेवारीत व्हिएन्नात एक पुडकं पोचलं. आत दोन लहानसे कंद होते आणि त्याच झाडाची फळं. पाठवणारा होता मॉन्सचा गव्हर्नर फिलिप द सिव्री. हे मॉन्स आजच्या बेल्जियममध्ये येतं. सिव्रीला ते कंद पोपच्या प्रतिनिधीच्या लवाजम्यातल्या कुणाकडून मिळाले होते. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या डोंगरातली ही वनस्पती इटलीमार्गे एका धर्मगुरूच्या माणसांच्या हाती, तिथून एका सरदाराच्या बागेत आणि तिथून टपालाने व्हिएन्नात आली होती. ज्याला हे पुडकं आलं त्याच्याकडचं या झाडाचं जलरंगातलं चित्र आज अँटवर्पच्या प्लांटिन-मोरेटस संग्रहालयात आहे. कंद कुणी दिले आणि कुठल्या तारखेला मिळाले, हेही त्या चित्रावर नोंदवलंय. झाड अर्थातच बटाट्याचं.

पुडकं घेणाऱ्याचं नाव शार्ल द लेक्ल्यूझ. विद्वानांच्या जगात तो कॅरोलस क्लूसियस या लॅटिन नावाने ओळखला जायचा. जन्म १५२६ चा, आरास गावचा. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात त्याच्या नावावर एखादा मोठा सिद्धांत नाही, दूरदेशीच्या समुद्रसफरीही नाहीत. युरोप सोडून तो कधी बाहेर गेला नाही. तरीही सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या बागांमध्ये काय काय उगवतंय याची इतकी बित्तंबातमी दुसऱ्या कुणाकडे क्वचितच असेल. कारण तो पत्रं लिहायचा आणि आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायचा. त्याच्या पत्रव्यवहारातली सुमारे १५०० पत्रं आज शिल्लक आहेत, बहुतेक लायडन विद्यापीठाच्या ग्रंथालयात. लिहिणारे तीनशेच्या आसपास आणि भाषा अर्धा डझन. वैद्य, औषधविक्रेते, व्यापारी, वकील, सरदार, राजदूत, उमराव घराण्यातल्या स्त्रिया असे सगळे त्यात आहेत. विद्यापीठात शिकलेले होते तसे लॅटिनचा गंध नसलेलेही होते.

या मंडळींमध्ये पैशाची देवघेव सहसा होत नसे. एकाने दुर्मीळ कंद पाठवायचा, दुसऱ्याने पुढच्या हंगामात आपल्याकडचं बी पाठवायचं. पाठवायला काही नसलंच तर बातमी पाठवायची: अमुक फूल आमच्याकडे या महिन्यात फुललं, रंग असा होता, पाकळ्या इतक्या होत्या. आणि क्लूसियसकडे देण्यासारखी एक खास गोष्ट होती, ती म्हणजे छापील आभार. आपल्या ग्रंथांत तो झाडाच्या वर्णनासोबत ते कुणाकडून मिळालं हेही लिहायचा. सिव्रीचं नाव आज आपण घेतोय ते त्यामुळेच. कुठल्याशा प्रांतातल्या हौशी बागवानाला आपलं नाव लॅटिन ग्रंथात छापून येण्याचं केवढं अप्रूप वाटत असेल! पुढचा कंद त्याने आधी कुणाला पाठवला असेल, हे वेगळं सांगायला नको.

पण या व्यवहारावर माणसांइतकाच वनस्पतींच्या शरीररचनेचाही ताबा होता, आणि मला सगळ्यात रंजक वाटतो तो हाच भाग.

तेव्हा इस्तंबूलहून व्हिएन्नाला माल यायचा तो राजदूतांच्या काफिल्यांबरोबर, आठवडेच्या आठवडे खडखडत. कुंडीतलं रोप एवढ्या प्रवासात टिकणं कठीण. पवित्र रोमन सम्राटाचा इस्तंबूलमधला राजदूत डेव्हिड उंगनाड याने १५७६ मध्ये क्लूसियसला रोपं पाठवली, त्यातली बरीचशी वाटेतच मेली. ट्युलिपचं तसं नाही. वसंतात फुलून झालं की त्याची पानं वाळतात आणि सगळा साठा जमिनीखालच्या कंदात गोळा होतो. उन्हाळाभर कंद वरून निद्रिस्त दिसतो, पण आत पुढच्या वर्षीचं फूल सूक्ष्म रूपात तयार होत असतं. या काळात त्याला माती नको, पाणी नको. कागदाच्या पुडीत कोरडा ठेवला तर दोन महिन्यांनीही तो धडधाकट असतो. पुढे थंडी मिळाली की वसंतात पुन्हा फुलतो. हायसिंथ, नार्सिसस, फ्रिटिलॅरिया ही सगळी कंदवाली मंडळी याच जातकुळीतली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस युरोपच्या श्रीमंत बागा याच फुलांनी भरल्या. त्याचं श्रेय त्यांच्या रूपाला दिलं जातं. ते खरंच आहे, पण त्यांना टपाल सोसत होतं हेही तितकंच खरं. प्रवासात मेलेली झाडं जास्त देखणी नसतील कशावरून?

ट्युलिपच्या बाबतीतला एक किस्सा क्लूसियसनेच लिहून ठेवलाय. १५६२ च्या सुमारास अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याला इस्तंबूलहून आलेल्या कापडाबरोबर काही कंद मिळाले. त्याला वाटलं कांदेच. काही त्याने निखाऱ्यावर भाजून तेल-व्हिनेगर घालून खाल्ले आणि उरलेले कोबीच्या वाफ्यात लावले. त्यातले जे वाचले ते मेखेलेनचा व्यापारी योरिस राय याने नेऊन जोपासले. आपल्याकडच्या फुलांचं खरं मोल जाणणारा म्हणून या योरिस रायचं नाव ग्रंथात आलं. कंद भाजून खाणारा मात्र बिननावाचाच राहिला.

याच फुलांवर क्लूसियसने एक निरीक्षण नोंदवलं. एकरंगी ट्युलिप कधीकधी अचानक ज्वाळांसारखे पट्टे घेऊन फुलतं आणि त्यानंतर ते कंद हळूहळू अशक्त होऊन मरतात. जणू जाता जाता मालकाचे डोळे निववून जातात, अशा अर्थाचं त्याने लिहिलंय. या पट्ट्यांमागे विषाणू असतो आणि तो मावा किडीमार्फत पसरतो, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. क्लूसियसकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. पण एकच फूल वेगवेगळ्या गावच्या बागांमध्ये वर्षानुवर्षं कसं वागतं याच्या बातम्या त्याच्याकडे सतत येत होत्या.

आता पोटापाण्याचं. पत्रांनी पोट भरत नाही, त्यासाठी आश्रयदाता लागायचा. १५७३ मध्ये सम्राट दुसऱ्या मॅक्सिमिलियनने क्लूसियसला शाही बागेसाठी व्हिएन्नात बोलावलं. १५७६ मध्ये सम्राट वारला, मुलगा दुसरा रुडॉल्फ गादीवर आला आणि क्लूसियसची नोकरी गेली. एकाच धन्यावर विसंबण्यातला धोका त्याला कळून चुकला असावा. पुढची वर्षं त्याने अनेक दारं उघडी ठेवली. हंगेरीचा सरदार बोल्डिझार बाथ्यानी त्याला आपल्या मुलखात हिंडायला नेई, आणि अळिंब्यांची चित्रं काढायला चित्रकाराचा खर्चही त्यानेच उचलला. त्या चित्रांचे ८७ कागद आजही लायडनला आहेत. अळिंब्यांवरच्या युरोपातल्या पहिल्या काही अभ्यासांपैकी एक यातून उभा राहिला. १५८८ मध्ये तो फ्रँकफर्टला गेला, तेव्हा हेसे या जर्मन संस्थानाच्या अधिपतीचा हात पाठीशी होता. शिवाय फ्रँकफर्टला वर्षातून दोनदा मोठी जत्रा भरायची. पुस्तकविक्रेते आणि व्यापारी तिथे जमत आणि परतताना पत्रं, पुड्या, छापील फर्मे घेऊन जात. पत्रलेखकाने राहायला याहून चांगलं गाव कुठलं निवडावं?

१५९३ मध्ये तो लायडनला गेला. तिथल्या नव्या विद्यापीठाला बाग उभारायची होती. त्याला तिथे नेण्यात शिमेची प्रिन्सेस मारी द ब्रिम्यू हिचा मोठा वाटा होता. ती स्वतः हाडाची बागवान. तिची क्लूसियसला लिहिलेली फ्रेंच पत्रं वाफे, कंद आणि राजकारण यांनी भरलेली आहेत. स्त्रियांना विद्यापीठाची दारं बंद होती, पण बागेचं आणि पत्रांचं जग त्यांना बंद नव्हतं. या पत्रव्यवहारातल्या कितीतरी स्त्रिया वनस्पतींच्या बाबतीत पुरुषांच्या बरोबरीने बोलतात.

हे चित्र फार गोडगुलाबी करायला मात्र नको. या वर्तुळाला कुंपण होतं. म्हातारपणी क्लूसियसची तक्रार असे की आता व्यापारी, कारागीर, कोणीही या नादाला लागलंय आणि फुलांना बाजारभाव आलाय. लायडनच्या त्याच्या बागेत चोऱ्या झाल्या, कंद उपटून नेले गेले. भेटीदाखल फुलं देणाऱ्यांची नाती जपणारी त्याची दुनिया पैशाच्या दुनियेकडे सरकत होती. १६३७ मध्ये हॉलंडमधला ट्युलिपचा बाजार कोसळला, पण ते पाहायला तो नव्हता. १६०९ मध्येच तो वारला.

या सगळ्यात आपला मुलूख कुठे येतो? अगदी सुरुवातीला येतो. तरुणपणी क्लूसियस फुगर या बड्या सावकार घराण्यातल्या मुलाबरोबर स्पेन-पोर्तुगालच्या सफरीवर होता. १५६४-६५ च्या त्या सफरीत त्याला पोर्तुगीज भाषेतलं एक पुस्तक मिळालं. ते गोव्यात १५६३ मध्ये छापलेलं होतं आणि त्यात छपाईच्या चुकांचा सुळसुळाट होता. लेखक होता गार्सिया द ओर्ता. हा वैद्य १५३४ मध्ये पोर्तुगीज सरदार मार्तिम आफोंसो द सोझाबरोबर गोव्याला आला आणि कायमचा इथलाच झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाकडे त्याचं वैद्य म्हणून जाणं-येणं होतं. निजामशाह रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवी आणि आपण त्याला लॅटिन नावं शिकवी, असं ओर्ता सांगतो. मुंबईचं बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ धरतं, असंही त्याने मोठ्या कौतुकाने लिहिलंय.

आश्रयाची गरज ओर्तालाही होतीच. पुस्तक त्याने सोझाला अर्पण केलं. त्यात लुईश द कामोइंश या तेव्हा गोव्यात असलेल्या कवीची एक कविताही आहे. या पुस्तकाला आणि लेखकाला आसरा द्यावा अशी व्हाइसरॉयला केलेली विनंती हा तिचा विषय. पुढे पोर्तुगालचा महाकवी ठरलेल्या माणसाची छापून आलेली पहिली कविता म्हणजे एक शिफारसपत्र होतं!

ओर्ताने आंबा, फणस, नारळ, हिंग, पटकीचा रोगी अशा कितीतरी गोष्टींचं प्रत्यक्ष पाहिलेलं वर्णन केलं. क्लूसियसला त्याचं मोल लगेच उमगलं. त्याने पुस्तकाचा लॅटिन संक्षेप केला, काही चित्रं आणि टिपा जोडल्या आणि १५६७ मध्ये अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्यातून ते बाहेर आलं. मुखपृष्ठावर ओर्ताचं नाव होतंच. युरोपने भारतीय वनस्पतींविषयीचा ओर्ता वाचला तो प्रामुख्याने या पुस्तकातून. ते नसतं तर काय झालं असतं, याचा अंदाज पुढच्या घटनांवरून येतो. ओर्ताचं घराणं सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंचं. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं थडग्यातून काढून जाळली.

पण लॅटिन करताना काही गोष्टी गळाल्या. मूळ पुस्तक संवादरूप होतं. त्यात ओर्ताची मोलकरीण आंतोनिया झाडांच्या फांद्या, फळं आणून पुढ्यात ठेवते आणि कधी मध्येच बोलते. मालुपा नावाचा हिंदू वैद्यही त्यात भेटतो. क्लूसियसने संवाद काढून टाकले आणि नेमकी वर्णनं ठेवली. विद्वानांना हवं ते मिळालं, पण आंतोनिया निघून गेली. पुडीतले दोन कंद कुणी दिले हे टिपून ठेवणाऱ्या माणसाच्या हातून हे व्हावं, हे मला खटकतं. आभाराच्या त्या चलनात कुणाचं नाव चालेल, हेही ठरलेलं असायचं.

आणि आंबा? त्याचं बी वाळलं की मरतं. ट्युलिपच्या कंदासारखा किंवा गव्हाच्या दाण्यासारखा तो कोरडेपणा सोसत नाही. ताजं बी काही आठवड्यांतच उगवण्याची शक्ती गमावतं. फणसाचंही तेच. गोवा ते लिस्बन जहाजाला सहा महिने लागत, कधी जास्तच. त्यामुळे तुर्कस्तान युरोपात जिवंत पोचला आणि भारत पोचला तो शब्दांतून, नाहीतर मिऱ्या-दालचिनीसारख्या वाळलेल्या रूपात.

यावर तिसरी वाट क्लूसियसने म्हातारपणी सुचवली. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तेव्हा जहाजांवरच्या औषधविक्रेत्यांसाठी आणि शल्यविशारदांसाठी त्याने एक टिपण तयार केलं: मिरी, जायफळ वगैरेंच्या पानांसकट फांद्या कागदात दाबून आणा. झाड मेलेलं चालेल, पण पान, फूल, फळ यांचा आकार हाती यावा. मित्रांच्या मर्जीवर चालणारं संकलन आता कंपनीच्या पगारी माणसांवर सोपवलं जात होतं.

पाऊणशे वर्षांनी त्याच कंपनीचा मलबारातला अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेड याने ‘होर्तुस मलाबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. हे काम पुढे १२ खंडांपर्यंत गेलं. पहिल्या खंडावर टिपा लिहिल्या त्या लायडनच्या आर्नोल्ड सायेन या प्राध्यापकाने. क्लूसियसने उभारलेली बाग आता त्याच्या हाती होती. त्याच खंडाच्या सुरुवातीला चक्क नागरी अक्षरांतला कोकणी मजकूर छापलेला आहे. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या कोचीनमधल्या तीन कोकणी वैद्यांनी आपण ही माहिती दिल्याचं आणि तपासल्याचं त्यात लिहून दिलंय. शेजारी मल्याळी वैद्य इट्टी अच्युदन याचंही तसंच पत्र त्याच्या स्वतःच्या लिपीत आहे. झाडांवर चढून फांद्या तोडणाऱ्यांची नावं मात्र त्यातही नाहीत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसने १७५३ मध्ये भारतातल्या कितीतरी वनस्पतींना नावं दिली ती या खंडांतली चित्रं पाहून. त्यातल्या काही नावांबद्दल शंका आली, तर अभ्यासकांना आजही तीच चित्रं उघडावी लागतात.