स्पेक्ट्रमचा लिलाव जिंकून पैसे भरले नाहीत तर? अमेरिकेतली पात्रता, कागदपत्रं, मुदती आणि दंडाचं गणित

अमेरिकेत मोबाइल, ब्रॉडबँड वगैरेंसाठी लागणाऱ्या रेडिओ लहरींचे परवाने फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, लिलावाने देतं. हा अधिकार काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९९३ मध्ये दिला आणि पहिला लिलाव जुलै १९९४ मध्ये झाला. मार्च २०२३ मध्ये या अधिकाराची मुदत संपली होती, जुलै २०२५ च्या कायद्याने तो परत मिळाला. बोली जिंकून माघार घेणाऱ्याला दंड होतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण तो दंड ठरीव रकमेचा नसतो. माघार घेतल्या दिवशी पूर्ण आकडा एफसीसीलाही सांगता येत नाही, आणि खरी भीती तिथेच आहे.

अर्ज कोण करू शकतं, आणि काय जोडायचं

आधी एफसीसीकडे नोंदणी करून एफआरएन हा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. मग फॉर्म १७५, ज्याला शॉर्ट फॉर्म म्हणतात, तो ऑनलाइन भरायचा. त्यात कंपनीत १० टक्के किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या सगळ्यांची माहिती, लिलावासंबंधी इतरांशी केलेले करार आणि बोली लावायला अधिकृत केलेल्या व्यक्तींची नावं द्यावी लागतात. लहान उद्योग म्हणून सवलत हवी असेल, तर उलाढालीचे आकडेही द्यायचे. आणि त्यात तुमच्यावर नियंत्रण असलेल्यांची उलाढालही धरली जाते. पुढच्या एका प्रकरणाची सगळी गोम याच वाक्यात आहे.

याच अर्जात शपथेवर सांगावं लागतं की एफसीसीच्या कुठल्याही परवान्याचे पैसे थकलेले नाहीत आणि कोणत्याही संघीय संस्थेचं करेतर देणं बाकी नाही. थकबाकी चालू असेल तर लिलावात भागच घेता येत नाही. जुनी थकबाकी फेडली असेल तर प्रवेश मिळतो, मात्र अनामत दीडपट भरावी लागते. २०१५ मध्ये हा नियम जरा सैल झाला. १ लाख डॉलरपेक्षा लहान थकबाकी, किंवा सात वर्षांहून जुनी, आता यासाठी मोजत नाहीत. अर्जाआधी एफसीसीच्या ‘रेड लाइट’ यादीत आपला क्रमांक तपासून घ्यावा, कारण किरकोळ शुल्क राहिलं असलं तरी तिथे लाल दिवा लागतो.

अनामत भरली की तिच्या प्रमाणात बोली लावण्याची पात्रता ठरते. ती रक्कम सरकारकडेच राहते आणि पुढे काही बिनसलं तर दंडाची पहिली वसुली तिच्यातूनच होते.

जिंकल्यानंतरची घड्याळं

लिलाव संपल्याची जाहीर सूचना निघाली की कामकाजाच्या १० दिवसांत एकूण जमा रक्कम बोलीच्या २० टक्क्यांपर्यंत न्यायची. लाँग फॉर्म, म्हणजे परवान्याचा सविस्तर अर्ज (फॉर्म ६०१), सुद्धा याच सुमारास द्यायचा. त्यानंतर आणखी १० कामकाजी दिवसांत उरलेली रक्कम. ती चुकली तर एक संधी असते: पुढच्या १० कामकाजी दिवसांत, बाकी रकमेवर ५ टक्के विलंब शुल्कासह. ही सवड फक्त अंतिम रकमेला आहे, २० टक्क्यांच्या टप्प्याला नाही. पैसे न भरणं, लाँग फॉर्म न देणं, नंतर अपात्र ठरणं, या सगळ्याला कसूरच म्हणतात.

दंड कसा मोजतात

दंडाचे दोन भाग आहेत. पहिला म्हणजे तूट: तुमची बोली आणि तोच परवाना पुन्हा विकला गेला तेव्हाची बोली यांतला फरक. दुसरा म्हणजे जादा रक्कम. ती दोन्ही बोलींपैकी लहान असेल तिच्या ३ ते २० टक्के असते. नेमका टक्का त्या लिलावाच्या नियमावलीत आधीच जाहीर होतो. परवान्यांच्या गठ्ठ्यावर एकत्र बोली लावायची सोय असलेल्या लिलावात तो २५ टक्के असतो.

समजा १० कोटी डॉलरची बोली होती आणि जादा टक्का १५. फेरलिलावात परवाना ७ कोटींना गेला, तर तूट ३ कोटी आणि ७ कोटींवरचे १५ टक्के, १.०५ कोटी, मिळून ४.०५ कोटी. आता उलटं समजा, तो १३ कोटींना गेला. सरकारला नफाच झाला, तरी तुम्हाला १० कोटींवरचे १५ टक्के, दीड कोटी, द्यावेच लागतात. वरच्या ३ कोटींतलं काही परत मिळत नाही. फेरलिलाव होईपर्यंत एफसीसी अंतरिम रक्कम वसूल करतं आणि उरलेलं देणं लटकत राहतं. बाजार पडला तर त्याचा फटका बाहेर पडलेल्यालाच बसतो.

एफसीसी फेरलिलावाऐवजी त्याच लिलावातल्या पुढच्या क्रमांकाच्या बोलीदारांना त्यांच्या शेवटच्या बोलीवर परवाना देऊ करू शकतं. वाईट हेतू किंवा खोटी माहिती आढळली तर अर्जदाराला आणि त्याच्या मालकांना पुढच्या लिलावांतून बाद करण्याचा मार्गही खुला आहे.

प्रत्यक्षात काय घडलं

जानेवारी २०१५ मध्ये संपलेल्या ९७ क्रमांकाच्या लिलावात सुमारे ४,४९० कोटी डॉलरच्या बोली लागल्या. नॉर्थस्टार आणि एसएनआर या दोन कंपन्यांनी लहान उद्योगाची २५ टक्के सवलत मागितली. मिळून ती सुमारे ३३० कोटी डॉलर होत होती. पण दोन्हींत ८५ टक्के वाटा डिश नेटवर्क या मोठ्या सॅटेलाइट टीव्ही कंपनीचा होता. ऑगस्ट २०१५ मध्ये एफसीसीने सवलत नाकारली. मग त्यांनी १९७ परवाने सोडले आणि बाकीचे पूर्ण भावाने घेतले. अंतरिम दंड झाला सुमारे ५१.५ कोटी डॉलर. न्यायालयीन लढाई २०२३ पर्यंत चालली, निकाल एफसीसीच्या बाजूने गेला. त्यांचं तुटीचं देणं मात्र या परवान्यांच्या फेरविक्रीला बांधलेलंच राहिलं.

नेक्स्टवेव्ह या मोबाइल कंपनीची गोष्ट याच्या उलट आहे. तिने १९९६ मध्ये सुमारे ४७० कोटी डॉलरच्या बोलींवर हप्त्यांनी परवाने घेतले आणि १९९८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. एफसीसीने परवाने रद्द करून जानेवारी २००१ मध्ये ते सुमारे १,६०० कोटींना विकलेही. पण दिवाळखोरीतल्या कर्जदाराने देणं दिलं नाही एवढ्याच कारणावरून सरकारी संस्थेला परवाना काढून घेता येत नाही, असं २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ठरवलं. हप्त्यांची सोय त्याआधीच बंद झाली होती. आता पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच परवाना मिळतो.