‘मुद्दाम’ केलं की ‘जाणूनबुजून’?

दारूच्या नशेत कुणी भरधाव गाडी माणसांवर घातली की बातम्यांत वाद रंगतो: हा हलगर्जीपणा की सदोष मनुष्यवध? चालकाला त्या माणसाला मारायचं होतं, असं सहसा कुणीच म्हणत नाही. भांडण असतं ते त्याला काय ठाऊक होतं यावर. भारतीय न्याय संहितेत (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम १०६ निष्काळजीपणाचं आहे आणि कलम १०५ सदोष मनुष्यवधाचं. त्या १०५ मध्येही उद्देश होता की नुसती जाणीव होती, यावरून शिक्षा बदलते. हवं असणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं. रोजच्या बोलण्यात आपण हे दोन्ही एकाच टोपलीत टाकतो. ही टोपली फार जुनी आहे.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापाचे दोन प्रकार केले आहेत, ‘अकामतः’ घडलेलं आणि ‘कामतः’ केलेलं. नकळतचं पाप वेदाभ्यासाने धुऊन निघतं, इच्छेने केलेल्याला वेगळी प्रायश्चित्तं लागतात. याज्ञवल्क्यस्मृतीचा प्रायश्चित्ताध्याय तर एकाच श्लोकात ‘अज्ञानकृत’ पापासमोर ‘कामतः’ केलेलं पाप उभं करतो. खरं तर अज्ञानासमोर ज्ञान यायला हवं होतं, तिथे इच्छा आली. जाणलं म्हणजे इच्छिलंच, असं गृहीत धरल्यासारखं.

बौद्ध विनयाची, म्हणजे भिक्षूंसाठीच्या नियमांची, मांडणी मला जास्त नेटकी वाटते. मनुष्यहत्येबद्दलच्या तिसऱ्या पाराजिकात (पाराजिक म्हणजे भिक्षूला संघाबाहेर काढणारा अपराध) ‘सञ्चिच्च’ असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ सांगताना ‘जानन्तो सञ्जानन्तो’ अशी जोडी येते, तिच्या पाठोपाठ ठरवून केल्याचा उल्लेख. म्हणजे जाणीवही हवी आणि निश्चयही.

त्या पाली जोडीशी आपल्या ‘जाणूनबुजून’ची चण जुळते. ‘जाण’ आला ज्ञा धातूवरून, ‘बुज’ आला बुध् धातूवरून, प्राकृतातल्या ‘बुज्झ’च्या वाटेने. जुन्या मराठीत ‘बुझावणे’ म्हणजे समजूत घालणे. आज एकट्या ‘बुजणे’चा अर्थ बिचकणे किंवा भोक भरून येणे, समजण्याशी त्याचं काही नातं उरलेलं नाही. समजण्याचा अर्थ या एका जोडशब्दात अडकून राहिला आहे. त्याच बुध् धातूचं संस्कृत रूप ‘बुद्ध्या’ अजून शिष्ट मराठीत वावरतं. ‘त्याने बुद्ध्या टाळलं’ म्हणताना आपण बुद्धि शब्दाची तृतीया विभक्ती जशीच्या तशी वापरतो, हे क्वचितच लक्षात येतं. ‘हेतुपुरस्सर’ त्याच पंक्तीतला. पुरस्सर म्हणजे पुढे चालणारा. हेतू पुढे, कृती मागे. हा शब्द मात्र सगळा इच्छेच्या बाजूचा आहे.

‘मुद्दाम’ फारसी-अरबीच्या वाटेने आला आणि सगळ्यांत मोकळा झाला. ‘मुद्दाम पाय घातला’ ही तक्रार, तर ‘तुझ्यासाठी मुद्दाम पुरणपोळी केली’ हे प्रेम. ‘जाणूनबुजून पुरणपोळी केली’ म्हणून बघा, पाहुणा ताटावरून उठेल. उलट ‘आवर्जून’ला खोडी करताच येत नाही. त्याच्या मुळाशी संस्कृत ‘आवर्ज्’ म्हणजे मन वळवणं, जिंकून घेणं आहे, म्हणून तो लग्नपत्रिकांत शोभतो. ‘जाणीवपूर्वक’ या साऱ्यांत अर्वाचीन वाटणारा. तद्भव ‘जाणीव’ला तत्सम ‘पूर्वक’ जोडलेला हा जोड आता संपादकीयांत आणि योगवर्गांत सारखाच चालतो: ‘जाणीवपूर्वक बदनामी’ आणि ‘जाणीवपूर्वक श्वास’.

शब्दांच्या आधी हे काम मराठीचं व्याकरणच करून टाकतं. ‘मी कप फोडला’ आणि ‘माझ्या हातून कप फुटला’ यांत एकही क्रियाविशेषण नाही, तरी घरातल्या बाईला काय ते कळतं. पाणिनीलाही ही अडचण दिसली होती. कर्त्याला सर्वांत हवं असतं ते कर्म, असं सूत्र केल्यावर लगेच पुढच्या सूत्रात त्याने न-हवंसं कर्मही मान्य केलं. परंपरेतलं उदाहरण गावाला जाणाऱ्याचं: त्याला गाठायचंय गाव, पण वाटेतल्या गवताला त्याचा पाय लागतो.

इंग्रजी अमदानीत जाणणं आणि इच्छिणं यांची ही गाठ आणखी पक्की झाली. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा दिला; कायदा झाला १८६० मध्ये आणि अंमल सुरू झाला १ जानेवारी १८६२ ला. त्याच्या कलम ३९ मधलं उदाहरण वाचण्यासारखं आहे. मोठ्या शहरात रात्री, दरोडा सोपा जावा म्हणून, एकजण राहत्या घराला आग लावतो आणि त्यात माणूस मरतो. मारण्याचा त्याचा उद्देश नसेल, त्याला वाईटही वाटलं असेल. तरी मृत्यू होण्याचा संभव त्याला ठाऊक होता, म्हणून कायदा म्हणतो की तो त्याने स्वतःहून घडवला. नव्या संहितेत ही व्याख्या उदाहरणासह कायम आहे. मराठी कायद्याच्या भाषेत तिथे शब्द योजला गेला तो ‘इच्छापूर्वक’.