मोटारीचा अलार्म : घरी बसवणे आणि कारागिराकडून बसवणे

मोटारीचा अलार्म : उभ्या मोटारीचे दार, बॉनेट किंवा डिकी कोणी उघडली अथवा गाडीला धक्का बसला, की सायरन वाजवून इंडिकेटर लुकलुकवणारी विद्युत योजना. बाजारातले बहुतेक संच दारांच्या सेंटर लॉकसह एकाच रिमोटवर चालतात. नव्या, वरच्या किमतीच्या मॉडेलांत अलार्म कारखान्यातूनच येतो. त्यामुळे तो वेगळा बसवण्याचा प्रश्न उरतो तो जुन्या गाड्यांचा आणि बेस मॉडेलचा.

कोल्हापूरसारख्या शहरात ‘हे आपणच करू’ असे वाटणे स्वाभाविक आहे. उद्यमनगरातील ऑइल इंजिनांच्या आणि ओतकामाच्या परंपरेमुळे पान्याची भीती नसलेली माणसे इथे घरोघरी भेटतात. पण लेथवरचा हात आणि वायरिंगचा हात वेगळा. अलार्म बसवण्यात पान्याचे काम थोडेच असते. सारा भर तारांच्या सांध्यांवर असतो. नुसती पिळून टेप गुंडाळलेली तार उन्हात टेपचा गोंद सुटला की सैल होते, आणि पावसाळ्यात तिथेच हिरवा गंज धरतो. सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवलेला सांधा वर्षानुवर्षे टिकतो. हे काम शिकता येण्याजोगे आहे. घाई करणाऱ्या कारागिरापेक्षा सावकाश बसून काम करणारा मालक ते अधिक नेटके करतो, असेही दिसते.

घरी काम करणाऱ्याने बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी. संचाची मुख्य तार बॅटरीजवळच फ्यूज घालून घ्यावी. अर्थिंगची तार रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने आवळावी. इंजिनाकडून आत येणारी तार पत्र्याला नवे भोक न पाडता असलेल्याच रबरी बुचातून ओवावी. पत्र्याची धार तारेचे आवरण हळूहळू कापते. संचातून इंडिकेटरच्या दोन तारा निघतात, त्या डाव्या-उजव्या बाजूंना स्वतंत्रच जोडाव्या लागतात. त्या एकत्र पिळल्या तर वळताना दोन्ही बाजूंचे दिवे लागतात आणि मागचा चालक गोंधळतो. तारांच्या रंगांवर विसंबू नये, कारण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. तार ओळखायला मल्टिमीटर हवा. बल्बचा टेस्ट लॅम्प बराच प्रवाह ओढतो आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्सला इजा करू शकतो. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. तिच्या तारा बहुधा पिवळ्या आवरणात असतात आणि त्यांना कोणत्याही कारणाने हात लावू नये.

नव्या गाड्यांत दार उघडल्याची खबर साध्या तारेने न जाता पीळ दिलेल्या दोन तारांवरून अंकीय संदेश म्हणून जाते. असा संदेश साध्या संचाला कळत नाही. तिथे त्या मॉडेलसाठीच बनवलेला कपलरचा (मूळ जोडात नुसता खोचायच्या प्लगचा) संच वापरावा. त्याने मूळ तार कापावी लागत नाही आणि वॉरंटीचा वादही टळतो. कपलरचा संच घरी बसवण्यास हरकत नाही.

इंजिन बंद पाडणारा छुपा कट-ऑफ मात्र सरावलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच बसवावा, असे ठामपणे म्हणावे लागते. त्यातला रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) स्टार्टरच्या तारेत असेल तर सांधा बिघडल्यावर गाडी सुरू होत नाही, एवढेच. तोच रिले इंधनपंपाच्या तारेत असेल तर चालती गाडी बंद पडते. गगनबावड्याहून वैभववाडीकडे उतरणाऱ्या करूळ घाटात, मुसळधार पावसात, इंजिन गेले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकचा जोरही उतरतो. कारागिराला काम देताना रिले कोणत्या तारेत घालणार हे विचारून घ्यावे.

अलार्म उभ्या गाडीतही थोडी वीज खातो. २० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला साधारण १४ अँपिअर-तास होतात. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते, आणि गाडीची स्वतःची विजेची गळती वेगळी. गाडी अंगणात उभी ठेवून महिना-दोन महिने परगावी जाणाऱ्यांनी हा हिशेब करावा.

धक्क्याच्या सेन्सरची तीव्रता ठरवणारा स्क्रू किती फिरवायचा, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत ठरवावे. गळिताच्या हंगामात रात्री उसाने भरलेल्या ट्रॉल्या जातात, गणपतीत ढोल आणि साउंड सिस्टिमने काचा थरथरतात. दुकानात शांतपणे जुळवलेला सेन्सर तिथे रात्रभर ओरडतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि सायरन तिच्या कितीतरी वर जातो. शिवाय उगीच वाजणाऱ्या सायरनकडे शेजारी पाहणेच सोडून देतात, मग खरा चोर आला तरी कोणी खिडकी उघडत नाही.

विम्यात जुन्या मोटार टॅरिफप्रमाणे (विम्याच्या ठरीव दर-नियमांप्रमाणे) चोरीविरोधी उपकरणासाठी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २.५ टक्के, कमाल ५०० रुपये सवलत होती. त्यासाठी उपकरण पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने मान्य केलेले आणि बसवल्याचा दाखला मोटार संघटनेने दिलेला असावा लागे. अशी सवलत मिळाली तरी रक्कम किरकोळ असल्याने निर्णय त्यावर बेतू नये.

सायरनचे तोंड खाली ठेवावे, म्हणजे पाणी साठत नाही. मुख्य पेटी पायाजवळ न लावता डॅशबोर्डच्या आत शक्य तितकी उंच बांधावी. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरांनंतर हे कोल्हापुरात वेगळे पटवून द्यावे लागत नाही. सायरन तात्पुरता गप्प करणारे छुपे बटण कुठे लपवले, कोणती तार कुठे जोडली, याचे हाताने काढलेले चित्र गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. काम कारागिराने केले असेल तर पैसे देण्यापूर्वी ते त्याच्याकडून काढून घ्यावे. गाडी विकताना दुसऱ्या रिमोटबरोबर हा कागदही नव्या मालकाला द्यावा लागतो.